पिसांची गादी
एका मोटारसायकलीच्या सांगाड्याचा इतिहास

एखादें वाहन शर्यतींत मागें पडूं लागलें म्हणजे त्याचा दोष बहुधा इंजिनावर ठेवण्यांत येतो. वेग कमी पडला, तर अधिक शक्तीचें इंजिन आणा, हा सरळ हिशेब कोणासहि सुचतो. परंतु १९५० सालीं इंग्लंडांतील नॉर्टन कारखान्याच्या मोटारसायकलींनीं हा हिशेब खोटा ठरविला. त्यांचें इंजिन एका सिलिंडरचें, जुन्या घडणीचें. इटलींतील गिलेरा कारखान्याच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाशीं शक्तींत त्याची बरोबरी होणें शक्य नव्हतें. तरीहि त्या वर्षीं या जुन्या इंजिनानें बारा वर्षांचा विक्रम मोडला, आणि तो मुख्यतः ज्या सांगाड्यांत तें बसविलें होतें त्या सांगाड्याच्या जोरावर.

दुचाकी वाहनाचा रस्त्याशीं संबंध टायरांच्या तळहाताएवढ्या दोन जागांपुरताच असतो. वेग वाढवावयाचा, वळण घ्यावयाचें किंवा थांबावयाचें, तें सारें या दोन जागांच्या बळावर. चाक उंचवट्यावरून उडालें कीं तेवढा वेळ ही पकड सुटते. आणि भर वळणावर ती सुटली, तर स्वाराच्या जिवावरच बेततें. आरंभींच्या मोटारसायकलींचें मागचें चाक सांगाड्यास ताठ जखडलेलें असे. बैठकीखालच्या स्प्रिंगा स्वाराच्या कंबरेस दिलासा देत. पण चाक रस्त्यावर टेकवून ठेवण्याचें काम त्यांच्याकडून होत नसे. मागच्या चाकास स्प्रिंग द्यावी ही कल्पना जुनीच. अमेरिकेंतील इंडियन कारखान्यानें १९१३ सालींच ती अमलांत आणली होती. परंतु शर्यतीचे स्वार तिच्याकडे संशयानें पाहत. सांधा आला कीं सैलपणा आला, आणि सैलपणा आला कीं चाक वाट सोडणार, अशी त्यांची समजूत. आणि तत्कालीन घडण पाहतां ती अगदींच निराधार नव्हती.

या समजुतीस मोठा धक्का १९३५ सालीं बसला. आइल ऑफ मॅन बेटावरील सीनियर टी. टी. शर्यतींत स्टॅन्ली वुड्स हा आयरिश स्वार, मागच्या चाकास स्प्रिंगा असलेल्या मोटो गुझीवर बसून, नॉर्टनच्या जिमी गथ्रीपेक्षां अवघ्या ४ सेकंदांनीं सरस ठरला. २६४ मैलांच्या शर्यतींत ४ सेकंद! नॉर्टननें यावरून धडा घेतला, पण तो अर्धाच. सांगाडा जुनाच ठेवून त्यांनीं मागच्या आसाचीं दोन टोकें दोन उभ्या नळ्यांत वरखालीं सरकतील अशी योजना केली. ही हालचाल थोडी. तींतहि दोन बाजू सारख्या न सरकल्या तर चाक पिळलें जाई. या सांगाड्यास लोकांनीं थट्टेनें ‘बागेचें फाटक’ असें नांव दिलें. १९४९ सालीं हॅरल्ड डॅनियल यानें त्याच्यावर सीनियर शर्यत जिंकली खरी. परंतु ती आघाडीवरील ए. जे. एस. शेवटच्या फेरींत बंद पडल्यामुळें. जड सांगाडा आणि दुबळें इंजिन, अशी नॉर्टनची अवस्था झाली होती.

या अडचणींतून वाट निघाली ती बेलफास्ट शहरांतील एका दुरुस्तीच्या कारखान्यांत. रेक्स मॅककँडलेस हा यंत्रविद्या स्वतःच्या अनुभवानें शिकलेला मनुष्य. तो स्वतः शर्यतींत उतरे, आणि आपली ट्रायंफ मोटारसायकल वळणावर जशी वागावयास हवी तशी वागत नाहीं हें त्याला खटके. १९४४ च्या सुमारास त्यानें आपला भाऊ क्रोमी याच्या साह्यानें स्वतःच्या कल्पनेप्रमाणें एक सांगाडा तयार केला. त्यांत मागचें चाक एका झुलत्या दांड्याच्या टोकाशीं बसविलें होतें. हा दांडा, दार बिजागरीवर फिरावें तसा, इंजिनामागील एका भक्कम आडव्या कण्यावर फिरे. त्यामुळें चाक वरखालीं झालें तरी कलत नसे.

परंतु नुसत्या स्प्रिंगेनें काम भागत नाहीं. दाबलेली स्प्रिंग मोकळी झाली म्हणजे झोपाळ्याप्रमाणें हेलकावे घेत राहते, आणि चाक रस्त्यावर टेकण्याऐवजीं नाचूं लागतें. हे हेलकावे आवरण्यासाठीं मॅककँडलेसनें सित्रोएन मोटारीचे तेलाचे आवरक वापरले. त्यांत बारीक छिद्रांतून तेल ढकललें जातांना हेलकाव्याचा जोर जिरून जातो. पुढें त्यानें ताठ सांगाड्याच्या जुन्या मोटारसायकलींचा मागचा भाग काढून त्या जागीं असा झुलता भाग जोडण्याची सोय केली. जुन्याच वाहनाची चाल त्यामुळें पालटून जाई.

त्याचा व्यवसायांतील भागीदार आर्टी बेल हा नॉर्टनचा शर्यतपटु. त्यामुळें ही कीर्ति नॉर्टनपर्यंत पोहोंचली, आणि १९४९ सालीं कारखान्यानें नव्या सांगाड्याचें काम मॅककँडलेसवर सोंपविलें. त्यानें केलेली रचना कागदावर फारच साधी दिसते. पोलादी नळीचे दोन वेढे. प्रत्येक वेढा हँडलाच्या मानेपासून निघून इंजिनाखालून मागें जातो, वर चढतो आणि पुन्हां मानेपाशीं येतो. तेथें दोन्ही वेढ्यांच्या नळ्या एकमेकींस ओलांडून जखडल्या जातात. ओतीव सांध्यांचें ओझें टळलें, आणि सांगाडा हलका असूनहि सहसा पिळेना. नळ्या रेनॉल्ड्स कारखान्याच्या ५३१ जातीच्या पोलादाच्या होत्या, आणि पितळी रसानें त्या जोडण्याचें नाजूक कामहि त्याच कारखान्यानें पत्करलें. चाचणीनंतर डॅनियलनें ही मोटारसायकल चालविणें म्हणजे पिसांच्या गादीवर बसणें होय, अशा अर्थाचे उद्गार काढले. तेंच नांव सांगाड्यास कायमचें चिकटलें.

एप्रिल १९५० मध्यें ब्लँडफर्ड येथें जेफ ड्यूक या २७ वर्षांच्या स्वारानें त्याच्यावर पहिली शर्यत जिंकली. जूनमध्यें आइल ऑफ मॅनवर तर ज्यूनियर आणि सीनियर या दोन्ही शर्यतींत पहिले तिन्ही क्रमांक नॉर्टननें पटकाविले. ज्यूनियर शर्यत बेलनें जिंकली आणि सीनियर ड्यूकनें. सीनियर शर्यतींत ड्यूकनें एक फेरी ताशीं ९३.३३ मैल वेगानें पुरी केली. तत्पूर्वींचा विक्रम डॅनियलचाच, ताशीं ९१ मैलांचा, १९३८ पासून अबाधित होता; आणि तो युद्धपूर्व काळच्या चांगल्या पेट्रोलवर झाला होता, हें विसरतां कामा नये. इंजिन तें अंगावर खेंचूं शकत नव्हतें, तें वळणांनीं मिळवून दिलें. ज्या वळणावर इतरांना वेग कमी करावा लागे, तेथें ड्यूक निश्चिंतपणें पुढें जाई.

त्या वर्षींचें ५०० सी.सी. वर्गाचें जागतिक विजेतेपद मात्र टायरांच्या दोषांमुळें हुकलें. गिलेराचा उंबेर्तो मासेत्ती एका गुणानें पुढें गेला. १९५१ सालीं ड्यूकनें ३५० आणि ५०० सी.सी. अशीं दोन्ही विजेतेपदें मिळवून ती उणीव भरून काढली. तथापि सांगाड्याच्या गुणालाहि मर्यादा असते. १९५३ सालीं ड्यूक स्वतः गिलेराकडे गेला, आणि त्याच्या सूचनांनीं तेथील सांगाडा सुधारतांच चार सिलिंडरांच्या शक्तीस आवर घालणारी बैठक मिळाली. १९५३, १९५४ व १९५५ अशीं सलग तीन वर्षें त्यानें विजेतेपद राखलें. शक्ति आणि बैठक यांपैकीं एकानेंच काम भागत नाहीं, हेंच यावरून सिद्ध झालें.

पिसांच्या गादीची कथा येथें संपत नाहीं. पुढें नॉर्टनच्या सामान्य मोटारसायकलींसहि हा सांगाडा मिळाला, आणि इंग्लंडांतील हौशी तरुण जुन्या नॉर्टनच्या सांगाड्यांत ट्रायंफचें इंजिन बसवूं लागले. या जोडवाहनास ‘ट्रायटन’ असें नांव पडलें. एका ट्रायंफच्या चालीवर असंतुष्ट होऊन बेलफास्टमध्यें जो उद्योग सुरू झाला, तो अशा रीतीनें फिरून ट्रायंफच्याच इंजिनाशीं आणि घरोघरच्या लहान दुरुस्तीखान्यांशीं येऊन मिळाला.