टेस्टिंगचा क्लास आणि विनरनरची गोष्ट

परवा केजहून मामेभावाचा फोन. "दादा, पुण्यात टेस्टिंगचा क्लास लावतोय. सिलेनियम शिकवतात, नोकरीची गॅरंटी. भरू पैसे?" मामांचे कापसाचे पैसे हो ते! म्हणून त्याला थोडा इतिहास ऐकवला.

आमचा थोरला चुलतभाऊ २००५ मध्ये बीडहून असाच पुण्याला आला. तेव्हा हवा विनरनरची. मर्क्युरी कंपनीचं टूल. २००६ मध्ये एचपीने मर्क्युरीच विकत घेतली, पुढे विनरनर बंद पडलं. बिचाऱ्याची जाडजूड वही अजून माळ्यावर आहे. सिलेनियम २००४ मध्येच शिकागोत जन्मलं होतं, पण त्याच्या क्लासात नावही नव्हतं.

उलट ग्लेनफर्ड मायर्सचं पुस्तक १९७९ चं. वय १८ ते ६० चालत असेल तर १७, १८, ६०, ६१ टाकून बघा, हे त्यातलं तंत्र मला आजही रोज लागतं.

असो. त्याला म्हटलं, डेमोला बस, सरांना टूलशिवाय चार टेस्ट केस फळ्यावर लिहायला सांग. आयएसटीक्यूबी फाउंडेशनला तर क्लासची सक्तीच नाही. ४० प्रश्न, ६० मिनिटं, पासला २६. सिलॅबस फुकट.

शनिवारी जाणार आहे तो. पैसे अजून मामांच्याच खात्यात आहेत.