जमीन जाते कशी आणि परत येते कशी

ऋणकोनें कर्ज बुडविलें तर धनकोनें त्याच्या स्थावर मिळकतीवर हात घालावा, यांत कायद्याला कांहींच विपरीत दिसत नाहीं. दिलेला पैसा परत मिळण्याची शाश्वती नसेल तर कोणी कोणास तो उसना देणार नाहीं. परंतु वसुलीचा हा मार्ग एखाद्या प्रांतांत पिढ्यान्‌पिढ्या एकाच दिशेनें चालूं लागला, म्हणजे न्याय कोठें संपला व अन्याय कोठें सुरू झाला हें पाहणें प्राप्त होतें. असा प्रांत शोधावयास दूर जावयास नको. १९०६ सालीं पूर्व व पश्चिम असा विभागला गेलेला, आणि पुढें जळगांव व धुळें या जिल्ह्यांच्या नांवांनीं ओळखला जाऊं लागलेला आमचा खानदेश याचें ठळक उदाहरण आहे.

खानदेश इंग्रजांच्या हातीं आला तो १८१८ सालीं. त्या वेळीं प्रांत उजाड होता. जमीन मुबलक व कसणारे हात थोडे. ब्रिग्जसाहेबानें धुळ्यास ठाणें केलें. पुढें १८२५ सालीं आउट्रामनें धरणगांवीं भिल्ल पलटण उभारली. त्याच सुमारास भिल्लांस पडीक जमिनी, बैलांसाठीं तगाई व बीं-बियाणें देऊन शेतीस लावण्याचें धोरण सरकारनें आंखलें. ज्या जमिनीस गिऱ्हाईक नाहीं ती गहाण कोण घेणार? सावकार तेव्हांही होताच. परंतु त्याचा डोळा पिकावर होता, जमिनीवर नव्हता.

जमिनीवर डोळा गेला तो तीन गोष्टींमुळें. पहिली, जमिनीची मोजणी. १८५२ सालीं सावदें, फैजपूर, एरंडोल या भागांतील शेतकरी या मोजणीविरुद्ध उठले होते, हें पुष्कळांस ठाऊक असेल. मोजणीनें शेताला नंबर व आकार मिळाला, आणि खातेदाराचा हक्क विकतां येण्याजोगा, गहाण टाकतां येण्याजोगा झाला. दुसरी गोष्ट कापूस व आगगाडी. १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाचा भाव कडाडला. त्याच दशकांत लोहमार्ग खानदेशांतून गेला व जळगांव ही कापसाची मोठी पेठ होऊं लागली. काळ्या जमिनीला प्रथमच खरी किंमत आली. तिसरी गोष्ट दिवाणी कोर्ट.

या तिसऱ्या गोष्टीचें अंतरंग थोडें उकलून पाहिलें पाहिजे. आपल्या जुन्या धर्मशास्त्रांत दामदुप्पटाचा नियम होता: एके वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलापेक्षां अधिक होतां कामा नये. इंग्रजी कोर्टांनीं मुंबई इलाख्यांत हा नियम मान्य केला. परंतु १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या खतावर फिर्याद करण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतु चांगला होता. जुनीं खतें उकरून कोणास छळूं नये हा. फळ मात्र उलटें आलें. मुदत संपावयाच्या आंत सावकार खत नवें करून घेई. नव्या खतांत जुनें व्याज मुद्दल होऊन बसे, आणि दामदुप्पटाचा आंकडा पुनः पहिल्यापासून मोजला जाई. ऋणकोच्या रक्षणासाठीं केलेल्या दोन नियमांतील एकानें दुसऱ्यास असें निकामी केलें. पुढचा क्रम ठरलेला. फिर्याद, निरक्षर प्रतिवादी गैरहजर, एकतर्फी हुकूमनामा, दरखास्त, जप्ती, लिलाव. आणि लिलावांत बोली करणारा बहुधा सावकारच. काल ज्या शेताचा खातेदार, आज त्याच शेतावर सालदार! यांत कोठेंही लाठी उगारली गेली नाहीं. सगळें काम कागदानें झालें.

हें दुखणें खानदेशापुरतें नव्हतें. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या दुकानांवर चाल करून खतें जाळलीं. त्यांनीं माणसें मारण्याऐवजीं कागद जाळले, यावरूनच रोगाचें निदान त्यांना सरकारच्या आधीं झालें होतें असें दिसतें. प्राचीन अथेन्स नगरींतही सोलननें गहाण शेतांवर रोवलेले दगड उपटून टाकविले होते. सुप्याच्या दंग्यानंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. खतावरील आंकड्यामागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार त्यानें न्यायाधीशास दिला. तत्त्वदृष्ट्या ही मोठी क्रांति होती. सही केली म्हणजे प्रश्न संपला, ही समजूत येथें प्रथमच ढळली.

याहून पुढें जाऊन जमीन विकण्याचीच मनाई करावी काय? १९०१ सालीं, दुष्काळाच्या पाठोपाठ, सरकारनें साराथकबाकीमुळें जप्त झालेल्या जमिनी विक्रीच्या मनाईच्या अटीवर देण्याचा कायदा आणला. फेरोजशहा मेहता व गोखले यांनीं त्यास कसून विरोध केला आणि अखेरीस कायदेकौन्सिलांतून ते उठून गेले. शेतकऱ्याची पत जाईल व सरकार सर्व भूमीचें मालक होऊन बसेल, ही त्यांची भीति निराधार नव्हती. परंतु पत ही ज्याला दोन गिऱ्हाइकें आहेत त्याची. ज्याला एकच सावकार ठाऊक, त्याच्या पतीला आम्ही दावें म्हणूं.

स्वातंत्र्यानंतरही हें दावें सुटलें नाहीं. शहादें व तळोदें हे तालुके १९९८ सालीं नंदुरबार जिल्हा होईपर्यंत धुळें जिल्ह्यांतच होते. तेथें आदिवासींच्या जमिनी कर्जापोटीं, तोंडी कबुलीनें वा नांवापुरत्या खरेदीखतानें सधन शेतकऱ्यांकडे गेल्या होत्या. १९७१ सालीं पाटीलवाडीस गोळीबार झाला आणि हा प्रश्न महाराष्ट्राच्या कानीं गेला. ३० जानेवारी १९७२ रोजीं शहाद्यास भूमुक्ति मेळावा भरला. अंबरसिंग सुरतवंती हे या चळवळीचे प्रमुख पुढारी. त्याच वर्षीं श्रमिक संघटना स्थापन झाली. गेलेल्या जमिनींचे कागद धुंडाळून त्या परत मागणें हें तिच्या कार्याचें एक मुख्य अंग होतें.

यानंतर १९७४ चा आदिवासींना जमिनी परत देण्याचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ हा कुळकायद्यांतील कृषकदिन. त्या दिवसापासून ६ जुलै १९७४ पर्यंत आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन परत करण्याचा अधिकार कलेक्टरास मिळाला. आदिवासीनें ती स्वतः कसण्याची हमी द्यावयाची. आकाराच्या ४८ पट रक्कम आणि केलेल्या सुधारणांची किंमत घेणारास हप्त्यांनीं द्यावयाची. ६ जुलै १९७४ पासून पुढील हस्तांतरावर तर निर्बंधच आले. पैसे मोजून, रीतसर खरेदीखत करून घेतलेली जमीन सोडावयास लावणें हा अन्याय नव्हे काय, असा आक्षेप निघाला, आणि तो क्षुद्र नाहीं. ज्यानें खरोखर वाजवी मोल दिलें असेल त्याचें दुःखही खरेंच. तथापि १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा कायदा घटनेस धरून ठरविला. दुबळ्याचा व बलवंताचा करार समानांचा करार मानतां येत नाहीं, हें १८७९ चें बीज येथें वृक्ष झालें.

परंतु निकाल हातीं येणें वेगळें आणि शेतांत नांगर घालणें वेगळें. जमीन नेणाऱ्या कागदामागें कारकून, वकील, बेलिफ व पैसा उभा होता; म्हणून तो एका दिवसांत अंमलांत येई. जमीन आणणाऱ्या कागदामागें कोण उभें होतें? जेथें संघटना होती तेथें ताबा मिळाला व टिकला. जेथें ती नव्हती, तेथें बैल व बियाणें यांसाठीं पुनः त्याच दारीं जाण्याची पाळी आली.

२००२ सालीं बँकांना कोर्टाची पायरी न चढतां तारण मिळकत ताब्यांत घेण्याचा अधिकार देणारा कायदा झाला, तेव्हां शेतजमीन त्यांतून मुद्दाम वगळण्यांत आली. २०१४ च्या सावकारी कायद्यानें सावकारीच्या व्यवहारांत बळकावलेली मिळकत परत देवविण्याची तरतूद केली. दीडशें वर्षांच्या अनुभवानें कायदा इतकें शिकला. वसुली हवीच, परंतु वसुलीचा हुकूम देणारानें कागदावरील आंकड्याबरोबर तो आंकडा कसा वाढला हेंही पाहिलें पाहिजे, आणि परत दिलेल्या जमिनीस बैलजोडीची व बियाण्याची तरतूद जोडली पाहिजे. नाहीं तर जमीन एका कागदानें परत येईल व दुसऱ्या कागदानें पुनः जाईल.