सुईचा आहेर: पंजाबची फुलकारी आणि चंदिगड

फाळणीपूर्व पंजाबात लग्नाच्या आहेराचा विचार सोन्याचांदीपाशी संपत नसे. शेतकरी, कारागीर, लहान दुकानदार अशा बेताच्या ऐपतीच्या घरांत वधूसाठी जमवलेल्या वस्तूंमध्ये मोठा मान असे तो घरातल्या बायकांनी फावल्या वेळात, कधी कधी वर्षानुवर्षे, भरलेल्या जाडसर सुती ओढणीला. या ओढणीला आणि तिच्यावरील रेशमी भरतकामाला फुलकारी म्हणतात. नक्षी इतकी दाट झाली की खालचे कापड जवळजवळ दिसेनासे होते, तेव्हा त्याच वस्त्राला बाग हे नाव मिळते. आज या परंपरेच्या जतनाची आणि सरकारी विक्रीची सूत्रे बऱ्याच अंशी चंदिगडमध्ये आहेत, म्हणजे जे नगर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अस्तित्वातच नव्हते त्याच्याकडे, मुळात विक्रीसाठी न केलेल्या एका वस्तूचे पालकत्व आले आहे. ते कसे आले, हे समजून घेण्यासाठी आधी फुलकारीचा हिशेब पाहावा लागतो.

हा हिशेब सरळ होता. कापूस शेतातला किंवा गावातला, सूत घरच्या चरख्यावर कातलेले, आणि विणणारा जुलाहा, म्हणजे गावचा विणकर, त्याला मजुरी अनेकदा धान्याच्या रूपात मिळे. हातमागावर निघणारा खद्दराचा पट्टा अरुंद, साधारण अर्ध्या मीटरच्या आसपास रुंद असल्यामुळे दोन किंवा तीन पट्टे जोडून ओढणी पुरी केली जाई. काही ठिकाणी पट्टे आधी भरून मग जोडत, त्यामुळे एकाच वस्त्रावर दोघीतिघींना एकाच वेळी काम करता येई, आणि जोडाच्या रेषेवर नक्षी किंचित सरकली तरी ते कोणी मनाला लावून घेत नसे. कापडाचा तांबडा रंग मंजिष्ठेचा, निळा-काळा निळीचा. रोख पैसे मोजावे लागत ते पटासाठी. पट म्हणजे पीळ न दिलेले, मऊ आणि चकचकीत रेशीम. ते काश्मीर, अफगाणिस्तान, बंगाल आणि चीनमधून येई, अमृतसरसारख्या शहरांत रंगवले जाई आणि फेरीवाल्यांकडून लडीलडीने विकत घेतले जाई.

फुलकारीचे सारे तंत्र या एका महागड्या जिनसेभोवती बेतलेले आहे. टाका रफूचा, म्हणजे कापडाच्या विणीतले धागे मोजून सुई त्यांच्या खालून-वरून नेण्याचा, आणि काम नेहमी कापडाच्या उलट बाजूने केले जाई. सुई मागून एखाददुसराच धागा उचलते आणि पुढे लांब टाका सोडते, त्यामुळे मागे फक्त ठिपके उरतात आणि विकत घेतलेले जवळजवळ सगळे रेशीम दर्शनी बाजूला येते. कापडावर नक्षी आखून घेण्याची गरज नसे, कारण खद्दराची जाड, सरळ वीण हाच आलेखाचा कागद होता. धाग्यांची गणती चुकली नाही की चौकट, त्रिकोण आणि समभुज चौकोन आपोआप बिनचूक येत. पीळ नसलेला पट ज्या दिशेने पडेल त्या दिशेने प्रकाश परतवतो, म्हणून एकाच सोनेरी रंगाचे टाके उभे आणि आडवे घातले की डोळ्याला दोन छटांचा भास होतो, आणि दुसरा रंग विकत न घेता नक्षी उठून दिसते. पूर्वेकडच्या काही भागांत पांढऱ्या जागा रेशमाऐवजी सुताने भरत. जुन्या बागांमध्ये मध्येच सोनेरी छटा बदललेली आढळते, तिचे एक कारण असे की रेशीम जसे परवडेल तसे थोडे थोडे घेतले जाई आणि प्रत्येक वेळचा रंग तंतोतंत जुळत नसे. काटकसरीचा असा पुरावा वस्त्रातच शिल्लक राहणे ही इतिहासकाराच्या दृष्टीने भाग्याचीच गोष्ट म्हणायची.

पैशाची उणीव वेळाने भरून निघे. मुलगी जन्मली की तिची आजी तिच्या लग्नासाठी भरणीला सुरुवात करी. शुभ दिवस पाहून, गाणी म्हणून आणि गोडधोड वाटून पहिला टाका घातला जाई. दुपारच्या वेळी गावातील मुली आणि बायका चरखे व भरतकाम घेऊन एकत्र बसत, त्या बैठकीला त्रिंजण म्हणत. मुली टाके शिकत त्या येथेच. दृष्ट लागू नये म्हणून शेकडो सारख्या आकृत्यांमध्ये एखादी मुद्दाम वेगळ्या रंगाची किंवा अर्धवट सोडलेली असे, तिला नजरबुटी म्हणतात.

या वस्त्रांचे प्रकार पाहिले की ती कोणी कोणाला द्यायची यावरून बरीचशी वर्गवारी ठरली होती असे दिसते. चोप ही वधूच्या आजोळची भेट: आईच्या आईने किंवा मामाकडच्यांनी दिलेली, आकाराने मोठी, दोन्ही बाजूंनी सारखी दिसेल अशा टाक्याने भरलेली, आणि लग्नाआधीच्या स्नानानंतर वधूला लपेटायची. सुबर फेऱ्यांच्या वेळची. तिच्यावर मध्यभागी एक आणि चार कोपऱ्यांत चार अशा पाच आकृत्या. वरी दा बाग मात्र सासरची. नातू जन्मला की त्याची आजी तांबड्या खद्दरावर सोनेरी चौकोनांची ही बाग भरू लागे आणि पुढे येणाऱ्या, तेव्हा कदाचित जन्मलेल्याही नसलेल्या, नातसुनेच्या स्वागतासाठी ती राखून ठेवी. दर्शनद्वार हा प्रकार नवस फेडण्यासाठी गुरुद्वाऱ्याला किंवा देवळाला अर्पण केला जाई, आणि त्यावर कमानी व दरवाजे भरलेले असत. तिळपत्रावर तिळाएवढे विरळ टाके असत. रेशीम आणि श्रम दोन्ही कमी लागत, आणि लग्नात घरच्या कामकऱ्यांना ते देण्याची रीत होती. म्हणजे फुलकारीच्या दाटपणात देणारा आणि घेणारा यांच्यातले नाते जसे मोजलेले असे, तशी उतरंडही मोजलेली असे, आणि या प्रथेचे गोडवे गाणाऱ्या लेखनात ही बाजू सहसा येत नाही.

नक्षीची नावे स्वयंपाकघरातून आणि मळ्यातून आली: करेला बाग, गोभी बाग, मिरची बाग, धनिया बाग. बावन बागेत बावन्न वेगवेगळ्या नक्ष्यांचे चौकोन एकाच वस्त्रावर असतात. बठिंडा, फरीदकोट, फिरोजपूर या माळवा भागातील सैंची हा प्रकार मात्र धागे मोजण्याच्या शिस्तीतून सुटतो. त्यात काळ्या शाईने आकृत्यांची बाह्यरेषा काढून चरखा कातणारी बाई, पैलवान, दागिने, पशुपक्षी आणि पुढे आगगाडीसुद्धा भरली जाई.

मराठी वाचकाला येथे रुखवत आणि जुन्या लुगड्यांची गोधडी आठवेल. त्या आठवणीत तथ्य आहे, फक्त रुखवत मांडण्यासाठी असते आणि गोधडी पांघरण्यासाठी, तर फुलकारी या दोन्ही कामांची होती. महाराष्ट्र आणि पंजाब यांच्यात सुईदोऱ्याचा आणखी एक दुवा आहे. संत नामदेव शिंपी समाजातले. पंजाबात घुमान येथे त्यांचे स्मारक आहे, गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदे आहेत, आणि कापड शिवण्याचा व छापण्याचा व्यवसाय करणारा पंजाबातील छींबा समाज त्यांना आपला मानतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या वस्त्राला परके गिऱ्हाईक मिळाले. युरोपीय घरांत फुलकारीचे पडदे आणि टेबलावरील आच्छादने होऊ लागली, अमृतसरच्या व्यापाऱ्यांनी मागणीनुसार माल भरून घेण्यास सुरुवात केली, टाके लांब आणि विरळ झाले, कृत्रिम रंग आले. पंजाबात दोन दशके राहिलेल्या फ्लोरा ॲनी स्टील यांनी १८८८ मध्ये ‘जर्नल ऑफ इंडियन आर्ट’मध्ये फुलकारीवर सविस्तर लेख लिहिला आणि घरासाठी केलेल्या व बाजारासाठी केलेल्या कामातील घसरण परखडपणे मांडली. मात्र ज्या बाईला या कामाचे पहिल्यांदाच रोख पैसे मिळाले, तिचा त्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन वेगळा असणे शक्य होते, आणि त्याची नोंद घेणारे तेव्हा कोणी नव्हते. दुसरा आणि अधिक खोल परिणाम गिरणीच्या कापडाने केला. बारीक विणीच्या कापडातले धागे डोळ्यांनी मोजता येत नाहीत. म्हणून नक्षी आधी छापावी लागली, छापलेली नक्षी दिसावी म्हणून काम सुलट बाजूने करावे लागले, आणि रेशीम वाचवणारा जुना टाका निरुपयोगी ठरला.

१९४७ च्या फाळणीत पश्चिम पंजाबातून आलेल्या अनेक कुटुंबांनी बरोबर आणलेल्या बागा गरजेपोटी विकल्या, आणि ज्या बायकांना सुई येत होती त्यांनी तिच्यावर घर चालवले. पटियाळ्यातील त्रिपडी ही निर्वासितांची वस्ती पुढे फुलकारीचे मोठे केंद्र झाली, ती यातूनच. तेथील लाजवंती यांना २०२१ मध्ये या कामासाठी पद्मश्री जाहीर झाली. लाहोर गमावल्यामुळे पंजाबला नवी राजधानी हवी होती आणि तेव्हाच्या अंबाला जिल्ह्यातील गावांच्या जमिनीवर ती उभी राहिली. ल कॉर्ब्युझिए यांनी आराखडा केलेल्या या शहराचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ७ ऑक्टोबर १९५३ रोजी झाले. अटावा आणि बुडैल ही जुनी गावे आजही सेक्टर ४२ आणि ४५ यांच्या पोटात आहेत.

राजधानीबरोबर लाहोरच्या संग्रहालयाचाही वाटा आला. तेथील वस्तूंपैकी चाळीस टक्के भारताकडे आल्या, त्या काही वर्षे अमृतसर, सिमला आणि पटियाळा अशा फिरल्या आणि अखेर ६ मे १९६८ रोजी सेक्टर १० मध्ये उघडलेल्या, ल कॉर्ब्युझिए यांनीच आखलेल्या शासकीय संग्रहालय व कलादालनात स्थिरावल्या. यामागे चंदिगडचे पहिले मुख्य आयुक्त आणि त्याआधी निर्वासितांच्या पुनर्वसनाचे काम पाहिलेले महिंदर सिंग रंधावा यांचा पुढाकार होता. गांधार शिल्पे आणि पहाडी लघुचित्रे यांसाठी हे संग्रहालय प्रसिद्ध आहे, तथापि त्याच्या संग्रहात फुलकारीही आहेत आणि चंब्याचे रुमालही. चंब्याचा रुमाल हा आहेराच्या ताटावर झाकायचा. त्याची आकृती अनेकदा लघुचित्रकार रेखून देई आणि स्त्रिया ती भरत, तर बहुतेक फुलकारींना चित्रकार लागलाच नाही. दोन्ही एका छपराखाली पाहता येणे ही चंदिगडची सोय आहे.

विक्रीची बाजू सेक्टर १७ मध्ये आहे. पंजाब सरकारच्या तेथील हस्तकला दुकानाचे नावच ‘फुलकारी’ आहे, आणि २०१०-११ च्या सुमारास या भरतकामाला पंजाब, हरियाणा व राजस्थान यांच्यासाठी भौगोलिक संकेतांक, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या मालाचे कायदेशीर नाव, मिळाले. आजची फुलकारी बहुतेक शिफॉन, जॉर्जेट किंवा चंदेरीवर, कागदाला भोके पाडून उतरवलेल्या छाप्यावर आणि कृत्रिम रेशमाने भरतात. तिच्या शेजारीच यंत्राने भरलेली, कितीतरी स्वस्त ओढणी टांगलेली असते. हाताने भरलेली दाट बाग आता बाजारासाठी फारशी होत नाही, कारण पूर्वी आजी ज्या वेळाचा हिशेब धरत नसे, त्याची मजुरी आता द्यावी लागते, आणि ती द्यायलाच हवी. त्यामुळे थोडक्या पैशांत मनापासून केलेला आहेर ही फुलकारीची जुनी जागा आता तिच्याकडे राहिलेली नाही. ती चांगली, रास्त दराने घेण्याजोगी हस्तकला आहे.

महाराष्ट्रातून चंदिगडला जाणाऱ्याने सेक्टर १० आधी पाहावे आणि सेक्टर १७ नंतर. खरेदी करताना ओढणी उलटून पाहावी: मागे विणीला धरून केवळ बारीक ठिपके असतील तर ती जुन्या पद्धतीने धागे मोजून भरलेली आहे, मागेही तेवढेच लांब टाके असतील तर छाप्यावरून, आणि सर्वत्र एकसारखी दोऱ्याची जाळी असेल तर ती यंत्राची आहे. संग्रहालय सोमवारी बंद असते.