‘प्रार्थना समाज’ला उतरताना: पावाचा तुकडा, एक चोरलेली यादी आणि श्रद्धेची किंमत

गिरगावात बसने जात असाल तर ‘प्रार्थना समाज’ नावाचा थांबा तुम्हाला माहीत असेल. आपण सहज म्हणतो, ‘प्रार्थना समाजला उतर आणि मग चालत ये.’ मी परळची. कॉलेजच्या वर्षांत या थांब्यावर कितीतरी वेळा उतरले असेन. पण हे नाव कुणी, का ठेवलं, असा प्रश्न पीएचडीला नाव नोंदवेपर्यंत एकदाही पडला नाही. आपल्या रोजच्या रस्त्यावर एका मोठ्या भांडणाची पाटी लटकलेली असते आणि आपण तिच्याखाली सुटे पैसे मोजत उभे असतो!

हे भांडण श्रद्धा आणि विवेक यांचं आहे. पण ते आस्तिक आणि नास्तिक यांच्यात झालं असं समजून अभ्यासाला बसाल, तर माझ्यासारखंच चुकाल. ते झालं देव मानणाऱ्या माणसांच्या आत. आज त्याबद्दल लिहिते आहे, आणि त्यात माझी एक चूकही सांगणार आहे. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांना ती कदाचित उपयोगी पडेल.

आधी पाव

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची मुंबई डोळ्यांसमोर आणा. इंग्रजी शिकलेल्या मुलांची पहिली पिढी तयार झाली आहे. जॉन विल्सन आणि इतर मिशनरी हिंदू धर्मातल्या मूर्तिपूजेवर, जातिभेदावर जाहीर टीका करत आहेत. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहून आलेला, म्हणून त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर मोठं वादळ उठलं. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घेण्याची बाजू लावून धरली, आणि त्याचा त्रासही सोसला.

म्हणजे शिकलेल्या तरुणापुढे पेच असा होता: मिशनऱ्यांची टीका काही ठिकाणी पटते, पण ख्रिस्ती व्हायचं नाही. देव हवा आहे, पण शिवाशिव नको आहे. मग जायचं कुठे?

यातून परमहंस मंडळी निघाली. तिच्या स्थापनेची वेगवेगळी वर्षं वाचायला मिळतात, सर्वांत जास्त आढळतं ते १८४९. यात गोंधळून जाऊ नका. गुप्त संस्था जन्माची नोंद करून ठेवत नाहीत. रामचंद्र बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष. विचारांची बैठक दादोबा पांडुरंग तर्खडकरांची. हो, तेच मराठी व्याकरणवाले दादोबा. त्याआधी १८४४ मध्ये सुरतेत दुर्गाराम मंछाराम यांच्याबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली होती. ‘धर्मविवेचन’ या त्यांच्या पुस्तकातली तत्त्वं थोडक्यात अशी: ईश्वर एक, मनुष्यमात्राची जात एक, प्रत्येकाला विचाराचं स्वातंत्र्य, आणि रोजचं वागणं विवेकाला धरून. आता गंमत बघा. पुस्तक लिहिलं १८४३ च्या सुमारास आणि छापलं १८६८ मध्ये. मधली पंचवीस वर्षं लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत येऊ.

मंडळीत येणाऱ्याला जातिभेद सोडल्याचं सिद्ध करावं लागे. कसं? ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खाऊन आणि मुसलमानाच्या हातचं पाणी पिऊन. आज गिरगावात वडापाव खाताना हे हास्यास्पद वाटेल. पण तेव्हा त्या एका घासाने माणूस ‘बाटत’ असे. बाटणं म्हणजे नुसता शब्द नव्हे. घरी भटजी येणार नाही, श्राद्ध अडेल, पंक्तीत पान मांडलं जाणार नाही, बहिणीचं लग्न मोडेल.

म्हणून सगळं गुप्त. ठरलं असं, की पुरेसे लोक मिळाले की उघडपणे बाहेर यायचं. तो दिवस आलाच नाही. १८६० च्या सुमाराला मंडळीचे कागद चोरीला गेले, सभासदांची नावं फुटण्याची वेळ आली आणि मंडळी मोडली.

माझी चूक

माझ्या प्रकरणाच्या पहिल्या खर्ड्यात मी या लोकांबद्दल एक वाक्य लिहिलं होतं: ‘विवेकाची भाषा करणारे हे तरुण प्रत्यक्षात भित्रे निघाले.’ वाक्य मला फार आवडलं होतं. सरांनी ‘भित्रे’खाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात एवढंच लिहिलं: ‘किंमत काढली का?’

मला राग आला. पण मग विचार करायला लागले. त्या पावाच्या तुकड्याची किंमत कोण देणार होतं? खाणारा तर देणारच होता. पण ज्यांनी तो खाल्लाच नव्हता तेही देणार होते. घरातली बायको, जिला कुणी विचारलं नव्हतं. आई, जिचं हळदीकुंकू बंद होणार होतं. लग्नाची बहीण. विवेकाने निर्णय घेणारा एक, आणि दंड भरणारे दहा. अशा वेळी गप्प बसणं भित्रेपणा आहे की दुसऱ्यांची काळजी, हे मी माझ्या टेबलावर बसून कोणत्या अधिकाराने ठरवणार होते?

आणि आणखी एक गोष्ट, जी कबूल करायला जरा लाज वाटते. चोरलेल्या यादीबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात आलं, ‘ही यादी मला मिळाली तर!’ सगळी नावं, सगळ्या जाती, कोण कुठे नोकरीला, सगळं एका ठिकाणी. संशोधकासाठी खजिनाच. दोन दिवसांनी लक्षात आलं, की ज्याने ते कागद चोरले त्यालाही नेमकं हेच हवं होतं. फरक काळाचा आहे, आणि हेतूचा. पण ज्यांनी स्वतःची नावं जपून लपवली त्यांच्याकडे आपण कोणत्या नजरेने बघतो, हा प्रश्न तुमच्याही अभ्यासात येईल. तुमचा विषय आजचा असेल तर फार लवकर येईल.

मग या मंडळीबद्दल आपल्याला कळतं कुठून? अ. का. प्रियोळकरांनी दादोबांचं चरित्र आणि परमहंस सभेवरचं पुस्तक अशी दोन मोठी कामं करून ठेवली आहेत. दुसरा साक्षीदार बाबा पदमनजी. ते आधी या वर्तुळात होते, १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढे ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी या दिवसांबद्दल लिहिलं. ते वाचताना एक सावधगिरी बाळगा. हा माणूस एका वाटेने निघून दुसऱ्या मुक्कामी पोचला आहे, आणि मुक्कामावरून मागे बघतो आहे. मागची वाट त्याला अपुरी दिसणारच. याचा अर्थ तो खोटं सांगतो असा नाही. तो कुठे उभा राहून सांगतो, तेही नोंदवा, एवढंच.

मग प्रार्थना

१८६४ मध्ये केशवचंद्र सेन मुंबईत येऊन गेले. ३१ मार्च १८६७ रोजी प्रार्थना समाज स्थापन झाला. पुढाकार डॉ. आत्माराम पांडुरंग यांचा, म्हणजे दादोबांच्याच धाकट्या भावाचा. पुढे न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर आले. १८७३ मध्ये ‘सुबोध पत्रिका’ निघाली. गिरगावात मंदिर उभं राहिलं आणि बसथांब्याला मिळालं ते हेच नाव.

विवेकाने या लोकांनी बरंच छाटलं. मूर्ती नाही, अवतार नाही, कुठलाही ग्रंथ चुकांपलीकडचा नाही. हे शेवटचं किती धाडसाचं होतं ते शेजारी बघितलं की कळतं. १८७५ मध्ये गिरगावातच दयानंद सरस्वतींनी आर्य समाज स्थापन केला. मूर्तिपूजा त्यांनाही अमान्य, पण वेद मात्र प्रमाण. एकाच भागात, आठ वर्षांच्या अंतराने, दोन उत्तरं.

पण भक्ती त्यांनी सोडली नाही. उपासनेत तुकोबांचे अभंग राहिले. किंबहुना त्यांचा आधार तोच होता: विवेक बाहेरून आणलेला नाही, आमच्या संतांनीच तो सांगितला. आणि परमहंस मंडळीची आठवण ताजी असल्यामुळे त्यांनी एक तडजोड केली. सभासदाने जात मोडलीच पाहिजे, घरची मूर्तिपूजा थांबवलीच पाहिजे, अशी अट घातली नाही. पाव खायला लावला नाही. दादोबांचं पुस्तक कपाटातून बाहेर आलं ते याच सुमारास, समाज निघाल्यावर पुढच्याच वर्षी. ती पंचवीस वर्षं आठवा. विचार तयार होता, त्याला उभं राहायला जागा नव्हती.

तडजोडीने संस्था टिकली. पण किंमत चुकली का? नाही, पुढे ढकलली गेली. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला, पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत रानडेही होते आणि टिळकही. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापवून आणली. बघा, परत यादी! तिथे पाव, इथे चहा. तिथे चोरी, इथे वर्तमानपत्र. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. अडचणीत आलेल्या मित्रांसाठी त्यांनी ते घेतलं, असं रमाबाईंच्या आठवणींवरून दिसतं. ज्या माणसाच्या बुद्धीबद्दल विरोधकांनाही शंका नव्हती, तो अशा विधीला बसला ज्यावर त्याचा विश्वास नव्हता. आता सांगा, ‘भित्रे’ हा शब्द इथे बसतो?

न मागणारी प्रार्थना

आता गिरगावातून माझ्या बाजूला, लालबाग-परळला या. कारण किंमत मोजायला लागलं की विवेकाची बाजूही मोजावी लागते.

प्रार्थना समाजाचा एक महत्त्वाचा विचार असा, की प्रार्थना ऐहिक फळासाठी करायची नाही, आत्मिक उन्नतीसाठी करायची. नवस नाही. मला हा विचार फार सुंदर वाटायचा, अजूनही वाटतो. एका गणपतीत मी तो आजीला सांगितला. आजी गिरणी कामगाराची बायको. तिने मोदकाची उकड मळता मळता विचारलं, ‘त्यांना पगार होता ना गं दर महिन्याला?’

हसले खरी, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. लालबागचा राजा १९३४ साली बसला. त्याची कथा तुम्हाला माहीत असेल. पेरू चाळीतला बाजार १९३२ मध्ये बंद पडला, कोळी आणि छोटे विक्रेते उघड्यावर आले, त्यांनी कायमच्या जागेसाठी नवस बोलला आणि जागा मिळाल्यावर गणपती बसवला. नवसाने जागा मिळाली असं मी संशोधक म्हणून लिहू शकत नाही. जागा मिळायला माणसांची खटपट लागते. पण ज्यांच्या पोटावर आलं होतं त्यांनी देवाकडे काही मागूच नये, असं सांगणारा विवेक कोणाच्या घरातून बोलतो, हे विचारायला हवं की नको?

जोतीराव फुल्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांनी ब्राह्मो आणि प्रार्थना समाजावर टीका केली. त्यांचा रोख असा, की हा विवेक वरच्या जातींच्या दिवाणखान्यात राहतो.

तो दिवाणखान्याबाहेर आणायचा प्रयत्न समाजातल्याच एकाने केला. विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डला मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा अभ्यास करून १९०३ मध्ये परतले आणि प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी परळला ग्लोब मिलजवळ, शेठ मोरारजी वालजी यांच्या बंगल्यात, अस्पृश्य मुलांसाठी शाळा उघडून डिप्रेस्ड क्लासेस मिशनची सुरुवात केली. शाळा परळला निघाली, गिरगावात नव्हे. माझ्या लेखी या सगळ्या कहाणीतली सर्वांत बोलकी गोष्ट ही आहे. पावाचा तुकडा बंद दाराआड खाल्ला जाई. ही शाळा उघड्यावर होती.

तुमच्या वहीसाठी

श्रद्धा, सुधारणा, अंधश्रद्धा असल्या कुठल्याही विषयावर काम करणार असाल, तर ‘ते काय मानत होते?’ हा प्रश्न विचाराच, पण तिथे थांबू नका. त्यांनी ते मानलं म्हणून काय गमावलं असतं, आणि ते कोणी गमावलं असतं, हेही विचारा. तत्त्वं छापील पुस्तकात सहज सापडतात. किंमत शोधायला आत्मचरित्रं, आठवणी, प्रायश्चित्ताचे वाद, वर्तमानपत्रातल्या नावांच्या याद्या चाळाव्या लागतात. वेळ लागतो. पण श्रद्धा कुठे थांबली आणि विवेक कुठे अडला, ते तिथेच कळतं.

आणि खर्ड्यात ‘भित्रे’, ‘भोळे’, ‘पुरोगामी’ यांपैकी एखादा शब्द आला, तर पेन्सिल घेऊन स्वतःच खाली रेघ मारा. माझ्या प्रकरणात आता तिथे विशेषणच नाही. त्याऐवजी अडीच पानं आहेत, कोणाला काय भोगावं लागलं असतं याची.

आजीला मी ती वाचून दाखवली. पगाराचा मुद्दा कुठे घातलास, एवढंच तिने विचारलं. तो पुढच्या प्रकरणात आहे.