डालड्याच्या डब्यापासून कुरकुंभपर्यंत

शिरूर-दौंडच्या गटांच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, “कुरकुंभच्या एमआयडीसीत केमिकल बनवतात म्हणजे नक्की काय करतात? आपल्याला फक्त वास कळतो.” प्रश्न रास्त होता. म्हणून आज आम्ही त्यातल्या एका गोष्टीचा इतिहास सांगणार आहोत.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. डालड्याचा पिवळा डबा आठवतो? रिकामा झाला की त्यात तुळस लागायची. डालडा आपल्याकडे १९३७ मध्ये आला. पातळ तेलात हायड्रोजन वायू मिसळला की ते तुपासारखं घट्ट होतं. पण नुसत्या वायूने काम होत नाही, निकेल धातूची बारीक पूड लागते. निकेल तेलाची आणि वायूची गाठ घालून देतं आणि शेवटी गाळून काढता येतं. सोयरीक जमवणारा मध्यस्थ लग्न लावून देतो आणि स्वतः बाजूला होतो, तसंच हे. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. विरजणाची गोष्ट वेगळी, ते दुधातच वाढतं. निकेलवरच्या या कामासाठी फ्रान्सच्या पॉल साबातिए यांना १९१२ चं नोबेल मिळालं.

आता पुण्यात येऊ. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, म्हणजे एनसीएल. ३ जानेवारी १९५० ला पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. ऐंशीच्या दशकात तिथे डॉ. पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिओलाइट नावाच्या उत्प्रेरकांवर मोठं काम केलं. पुढे १९९५ ते २००२ ते एनसीएलचे संचालक होते.

झिओलाइटमध्ये असतं काय? वाळूत-मातीत असतात तेच घटक. पण आत एकसारखी, डोळ्याला न दिसणारी भोकं असतात. चाळणीतून पीठ खाली पडतं आणि कोंडा वर राहतो, तसं झिओलाइट रेणूंचा आकार बघून निवड करतं. एनसीएलचं ‘एन्सिलाइट’ बडोद्याच्या आयपीसीएल कारखान्यात वापरलं गेलं. पॉलिएस्टरच्या धाग्यासाठी जे झायलीन लागतं, ते जास्त मिळवायला त्याचा उपयोग झाला. आपल्या झटपट वाळणाऱ्या साड्या याच पॉलिएस्टरच्या.

दुसरं काम आपल्या उसाच्या जवळचं आहे. भीमा पाटस असो की घोडगंगा, साखर कारखान्यात मळी उरतेच, आणि मळीपासून अल्कोहोल बनतं. एनसीएलने झिओलाइट वापरून अल्कोहोल आणि बेन्झीन यांच्यापासून इथिलबेन्झीन बनवण्याची रीत काढली. त्यापासून स्टायरीन होतं आणि स्टायरीनपासून थर्माकोल. विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान पॉलिमर्सने ही रीत वापरली. जुन्या पद्धतीत अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड लागायचं. ते धुवून काढताना आम्लाचं घाण पाणी उरायचं. झिओलाइट मात्र जागेवर राहतं आणि पुन्हा पुन्हा वापरता येतं. म्हणजे चांगला उत्प्रेरक शोधला की घाण मुळातच कमी होते. शास्त्रज्ञांच्या कामाचा आपल्या ओढ्याशी आणि विहिरीशी संबंध आहे तो असा.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे विशाखापट्टणमचा तो कारखाना दुसऱ्या मालकाकडे गेला. ७ मे २०२० ला पहाटे, लोक झोपेत असताना, तिथल्या साठवणीच्या टाकीतून स्टायरीनची वाफ सुटली. दहाहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पोचली. यात उत्प्रेरकाचा दोष नव्हता. टाकी नीट राखणं हे प्रयोगशाळेचं काम नाही, ते कारखान्याचं आणि त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं काम.

म्हणून केमिकल म्हटलं की नुसतं घाबरू नका, आणि शास्त्रज्ञांनी शोध लावला म्हणून निर्धास्तही राहू नका. कुरकुंभ असो वा रांजणगाव, शेजारी कारखाना असेल तर ग्रामसभेत चार प्रश्न विचारा. इथे काय बनतं? वापरलेलं पाणी कुठे जातं? टाकीत काय साठवलंय? गळती झाली तर आम्हाला कोण कळवणार आणि आम्ही कुठल्या दिशेला जायचं?

उत्तरं वहीत लिहून घ्या आणि खाली तारीख घाला. पुढच्या बैठकीला वही घेऊन या, आम्हीही आमची आणतो.