हबेआमरी : जनुकीय पुराव्यावरून वर्गीकरण

हबेआमरी हा जमिनीत वाढणाऱ्या रानटी ऑर्किडांचा एक मोठा गट आहे. कुल ऑर्किडेसी, शास्त्रीय प्रजाती हबेनारिया. विल्डेनोव्ह या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८०५ मध्ये ही प्रजाती मांडली आणि आज जगाच्या उष्ण प्रदेशांत मिळून तिच्या ८००हून अधिक जाती मानल्या जातात. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पश्चिम अंगाला, म्हणजे महाबळेश्वर, पाचगणी, कास, कोयना, चांदोली या पट्ट्यात तिच्या बऱ्याच जाती आढळतात. उन्हाळाभर यांतले जमिनीवर काहीच दिसत नाही, फक्त कंद मातीत तग धरून असतो. पाऊस लागला की आषाढ हबेआमरी (हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस) आधी वर येते. तिचे बहुधा एकच गोलसर पान जमिनीला सपाट चिकटलेले असते आणि त्याच्या मधून पांढऱ्या फुलांचा आखूड दांडा निघतो. पुढे कासच्या जांभ्यावर हबेनारिया हेनियाना दिसते. हिची फुले दांड्याच्या एकाच बाजूला दाटीने बसतात, म्हणून लोक तिला टूथब्रश ऑर्किड म्हणतात. हबेनारिया रॅरिफ्लोरा खडकाच्या कपारीत राहते, तर लाँगिकॉर्निक्युलाटाच्या फुलामागे लांबलचक शुंडिका (मध साठवणारी पोकळ नळी) लोंबते. सांगली जिल्हा एकच, पण पाऊस दोन तऱ्हांचा. शिराळ्याच्या चांदोलीत तो धो धो कोसळतो आणि येरळाकाठच्या तासगावला पर्जन्यछायेत द्राक्षबागा पाण्याच्या हिशेबावर जगतात. हबेआमरीचे खरे माहेर त्या पहिल्या भागात आहे. तासगावचा संबंध या नोंदीत पुढे, वेगळ्या कारणाने येतो.

या गटाचे वर्गीकरण दोनशे वर्षे जवळजवळ केवळ फुलावर चालले. लिंडलीने १८३० ते १८४० या काळात ऑर्किडांची मांडणी केली तीही फुलावर, आणि क्रेंट्सलिनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हबेनारियाचे अनेक विभाग पाडले तेही फुलावर. पाकळ्या अखंड आहेत की दुभंगलेल्या, ओठाचे (खालच्या मोठ्या पाकळीचे) तुकडे तीन आहेत की झालर झालेली आहे, शुंडिका किती लांब, किंजल्क (पराग स्वीकारणारा भाग) देठाचे की बिनदेठाचे, असे प्रश्न विचारून जाती वेगळ्या केल्या गेल्या. तरीही एकमत कधीच झाले नाही. जोसेफ हूकरने १८९० मध्ये ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’त पेरिस्टायलस आणि प्लॅटँथेरा या प्रजातीही हबेनारियाच्या पोटात घातल्या, आणि मुंबई इलाख्याची वनश्री लिहिणारा कुक त्याच वाटेने गेला. नंतरच्या लेखकांनी त्या पुन्हा बाहेर काढल्या. सांतापाव व कपाडिया यांचा ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ १९६६ मध्ये निघाला. या प्रदेशातल्या ऑर्किडांसाठी तो अजूनही हाताशी लागतो, पण त्याचाही आधार फुलाचे विच्छेदन हाच आहे. हे काम दिसते तितके सोपे नाही. वनस्पतिसंग्रहातल्या कागदावर दाबलेले फूल तपकिरी होऊन चिकटते, त्याचा मधला स्तंभ चेपतो, आणि किंजल्काला देठ होता की नाही हे पाहायला ते फूल पाण्यात उकळून, मऊ करून, सुईने उलगडावे लागते. एवढे करूनही दोन अभ्यासकांना दोन गोष्टी दिसतात.

प्रश्न असा की फूल हा नात्याचा चांगला साक्षीदार आहे का. ऑर्किडांच्या बाबतीत या साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायलाच हवी, कारण इथले फूल परागवाहक कीटकाच्या मापाने घडत जाते. रात्री उडणारा, लांब सोंडेचा पतंग परागण करत असेल तर पांढरा रंग, सायंकाळचा सुगंध आणि लांब शुंडिका ही त्रयी वेगवेगळ्या वंशांत पुन्हा पुन्हा उपजते. दोन फुले सारखी दिसली तर त्यांचा पूर्वज एक होता असेही असू शकेल, किंवा त्यांचा गिऱ्हाईक एका जातीचा होता एवढेच. नुसत्या फुलाकडे पाहून या दोहोंतला फरक कळत नाही. त्यासाठी परागवाहकाशी देणेघेणे नसलेला पुरावा लागतो, आणि डीएनएच्या काही भागांतून तो मिळतो. हरितलवकातील मॅट-के व आरबीसी-एल ही जनुके आणि केंद्रकातील आयटीएस हा पट्टा या कामी सर्वाधिक वापरला जातो. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर वनस्पतींच्या डीएनए बारकोडसाठी जी जोडी सुचवली गेली ती पहिल्या दोघांचीच.

या पुराव्याने काय दाखवले? बेटमन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये, ब्राझीलच्या बातिस्ता आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये, चीनच्या जिन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वंशवृक्षांचा रोख एकाच दिशेला आहे. पूर्वापार आखलेली हबेनारिया हे एकसंध घराणे नाही. बातिस्तांच्या अभ्यासात अमेरिका खंडातल्या जातींचे मूळ आफ्रिकेकडे जाते आणि फुलावर बेतलेले तिथले बहुतेक विभाग वंशवृक्षावर विखुरतात. आपल्याकडे अधिक लागू पडणारी गोष्ट पेक्टेलिसची. मोठी, शुभ्र, झालरीच्या ओठाची फुले म्हणून राफिनेस्कने वेगळी काढलेली ही प्रजाती (सह्याद्रीत तिची पेक्टेलिस जायगँटिया ही जाती होते) आशियाई हबेनारियांच्या आतच जाऊन बसते. तिची भव्यता वेगळ्या घराण्याची खूण ठरत नाही. उलट पेरिस्टायलस, जिला हूकरने हबेनारियात मिसळून टाकले होते, तिचा मुख्य गट हबेनारियाच्या बाहेर स्वतंत्र फांदी धरून उभा राहतो, आणि तिच्यात घातलेल्या काही हिमालयीन व चिनी जाती मात्र २०१६ च्या सुमारास हर्मिनियम या तिसऱ्याच प्रजातीकडे गेल्या.

या निकालांचा अर्थ फूल खोटे आणि जनुक खरे असा लावला जातो, तो उतावळेपणा आहे. पेरिस्टायलस ओळखायची जुनी खूण म्हणजे बिनदेठाचे, ओठाच्या बुडाशी गादीसारखे चिकटलेले किंजल्क आणि आखूड, फुगीर शुंडिका. हबेनारियाचे किंजल्क देठावर पुढे आलेले असतात. डीएनएने या प्रजातीचा मुख्य गट वेगळा ठेवला, म्हणजे ही खूण बऱ्याच अंशी टिकली. टिकली नाही ती आकाराची, झालरीची आणि पांढरेपणाची खूण. कीटकाला दुरून दिसते ते भराभर बदलते. स्तंभाच्या आत परागपुंज आणि किंजल्क यांची जी बांधणी असते ती तुलनेने हट्टी असते. हीही खूण निर्दोष नाही. पण फुलातल्या कोणत्या खुणेला किती वजन द्यायचे हे ठरवण्याची कसोटी आता अभ्यासकाच्या नजरेबाहेर आहे, आणि जनुकीय पुराव्याचा सर्वात मोठा उपयोग या नोंदीच्या मते हाच आहे. पूर्वी लिंडलीला एक खूण महत्त्वाची वाटे, हूकरला दुसरी, आणि वाद सोडवायला पंच नव्हता.

आक्षेप घेणारे म्हणतात की पंच तरी कुठे एकमताचा आहे. हरितलवक सहसा मातेकडून येते, केंद्रकातला आयटीएस दोन्ही पालकांकडून, आणि दोघांचे वंशवृक्ष कधी कधी जुळत नाहीत. हा आक्षेप बरोबर आहे, पण त्याने पुरावा बाद होत नाही. असा विसंवाद पूर्वी झालेल्या संकराची खूण असू शकतो. तसे असेल तर त्या वनस्पतीविषयी एक अशी गोष्ट कळते जी फुलातून कधीच कळली नसती. फक्त दोन-तीन जनुकांवर घराण्याचा निवाडा करू नये, हे मात्र खरे. २०१९ मध्ये तयार झालेल्या ‘अँजिओस्पर्म्स ३५३’ या संचामुळे सपुष्प वनस्पतींची ३५३ केंद्रकीय जनुके एकाच वेळी वाचता येतात, आणि जुन्या वनस्पतिसंग्रहातल्या वाळक्या पानातूनही त्यांतली बरीच हाती लागतात. त्यामुळे हा आक्षेप हळूहळू तांत्रिक अडचणीपुरता उरेल.

याहून अवघड आक्षेप जातींच्या सीमेचा आहे. प्रजातींची नाती सांगणारा बारकोड दोन जवळच्या जाती वेगळ्या काढताना अनेकदा हात टेकतो. इथे तासगाव उपयोगी पडते. या तालुक्यातून निघालेले तास-ए-गणेश हे द्राक्षाचे वाण थॉमसन सीडलेसमधून निवडलेला क्लोन आहे. सोनाकाही थॉमसनचीच निवड. घड पाहून, मण्याचा लांबटपणा पाहून बागायतदार ही वाणे लांबूनही ओळखतो, बाजारात त्यांचा भाव वेगळा निघतो, पण नेहमीच्या डीएनए मार्करांना ती एकमेकांपासून वेगळी काढणे फार जड जाते. म्हणजे निवडक पट्ट्यांत फरक सापडला नाही यावरून फरकच नाही असे म्हणता येत नाही. आणि दिसणारा प्रत्येक फरक वेगळी जाती ठरवत नाही, हेही याच उदाहरणातून निघते. सोनाकाला कोणी द्राक्षाची स्वतंत्र जाती मानत नाही. आता पाचगणीकडे पाहा. सांतापाव व कपाडिया यांनी १९५७ मध्ये हबेनारिया पाचगणिएन्सिस ही जाती वर्णिली, आणि डाल्झेलने एकोणिसाव्या शतकात वर्णिलेल्या हबेनारिया सुआव्हेओलेन्सच्या ती जवळची मानली जाते. अशा जोडीत बारकोड सारखा आला तर पाचगणीची जाती रद्द करावी का? या नोंदीचे उत्तर नाही असे आहे. द्राक्षाचे क्लोन काडीने वाढवलेले असतात, रानातल्या हबेआमरीचे बहुतांश पुनरुत्पादन बियांनी होते. म्हणून इथे विचारायचा प्रश्न असा, की दोन्ही एकत्र वाढत असतील तिथे त्यांची जनुके मिसळतात का. त्याला एकेक झाड पुरत नाही. प्रत्येक ठिकाणची वीस-पंचवीस झाडे आणि शेकडो मार्कर लागतात. जनुके मिसळत नसतील आणि फुलांतला फरकही सातत्याने टिकत असेल, तर बारकोड काही म्हणो, जाती दोन.

नावे सतत बदलतात, ही मार्गदर्शकांची, वनखात्याची आणि विद्यार्थ्यांचीही तक्रार आहे, आणि ती हलक्याने घेण्यासारखी नाही. हबेनारियाच्या बाबतीत तर बदल फार महागात पडू शकतो. वनस्पतींच्या नामकरणाच्या नियमांप्रमाणे प्रजातीचे नाव तिच्या प्रमाण जातीबरोबर जाते, आणि हबेनारियाची प्रमाण जाती हबेनारिया मॅक्रोसेराटायटिस ही आहे, जी अमेरिकेच्या बाजूची. उद्या कोणी हा गट फांद्यांनुसार बारीक तोडला तर हबेनारिया हे नाव अमेरिकी फांदीकडे राहील आणि कासच्या साऱ्या हबेआमरींना नवे प्रजातीनाव घ्यावे लागेल. वंशवृक्ष तोडायला सांगत नाही. प्रत्येक प्रजातीत एका पूर्वजाचे सारे वंशज असावेत एवढेच तो मागतो. ती अट पेक्टेलिसला हबेनारियात परत घेऊनही पूर्ण होते, आणि तसे केल्यास थोडीच नावे बदलतात. याला पूर्वदाखला आहे. अमरकंदाच्या, म्हणजे युलोफियाच्या, बाबतीत असाच पेच होता. वाकलेल्या तुऱ्यावरून वेगळी मानलेली जिओडोरम तिच्या आतच पडत होती. चेस, शुइटमन आणि कुमार यांनी २०२१ मध्ये युलोफियाचे अनेक तुकडे करण्याऐवजी जिओडोरमसह काही प्रजाती तिच्यात सामावून घेतल्या. हबेनारियातही हाच मार्ग धरावा. पेरिस्टायलस मात्र वेगळीच ठेवावी, कारण तिथे जनुक आणि किंजल्क एकच सांगतात.

वर उल्लेखलेल्या अभ्यासांतले नमुने प्रामुख्याने चीन, ब्राझील, आफ्रिका व युरोपकडचे आहेत. सह्याद्रीतल्या प्रदेशनिष्ठ जाती, उदाहरणार्थ अनेक शेपट्यांची फुले धरणारी हबेनारिया मल्टिकॉडाटा, या वंशवृक्षात भरघोस संख्येने याव्या लागतील. मुंबईचे ब्लॅटर हर्बेरियम, पुण्याचे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ यांच्याकडे लागणारा संग्रह व माणसे आहेत. नमुना गोळा करताना कंद उपटायची गरज नाही. पानाचा नखाएवढा तुकडा सिलिका जेलच्या पुडीत वाळवला तरी डीएनए मिळतो. आषाढ हबेआमरीला मात्र बहुतेक वेळा एकच पान असते आणि तेच तिचे वर्षभराचे अन्न शिजवते. तिच्याकडून पान न घेता एखादे फूल घ्यावे, कंद व पान शाबूत ठेवावेत. पाचगणिएन्सिससारख्या जातीचा नमुना शक्यतो तिचे मूळ वर्णन जिथून झाले त्या पाचगणी परिसरातलाच असावा, नाहीतर वाचलेला डीएनए-क्रम कोणत्या नावाखाली नोंदवायचा हाच वाद उरतो. आणि त्या तुकड्याबरोबर स्तंभाचे जवळून घेतलेले छायाचित्र, ठिकाण, तारीख आणि एक दाबलेला नमुना संग्रहात गेलाच पाहिजे, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला क्रमावर शंका आली तर त्याला ते फूल पुन्हा उकळून पाहता येईल.