कुमाऊँ पलटण, चौथी : वऱ्हाडी मुळांची पायदळ तुकडी

भारतीय सेनेच्या कुमाऊँ रेजिमेंटमधील एक जुनी पलटण. तिचे मूळ पहाडात नव्हे, वऱ्हाडात आहे. एलिचपूरचा (आताचे अचलपूर, जि. अमरावती) नवाब सलाबतखान याने 1788 मध्ये ती उभी केली. पुढे ती निजामाच्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकुमतीखालील फौजेत, म्हणजे हैदराबाद कंटिंजंटमध्ये आली.

या फौजेच्या पगाराची थकबाकी निजामाला फेडता येईना. म्हणून 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि तेथील महसुलातून कंटिंजंटचा खर्च भागू लागला. आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर, चिखली, मलकापूरच्या शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्याचा वाटा अशा रीतीने या शिपायांच्या पगाराला लागला. बुलढाणा जिल्ह्याचा या पलटणीशी खरा संबंध हा आहे आणि तो विसरला गेला आहे. 1857-58 मध्ये कंटिंजंटच्या पलटणी सर ह्यू रोजच्या हाताखाली मध्य भारतात राणी लक्ष्मीबाई व तात्या टोपे यांच्या विरोधात लढल्या. वऱ्हाडाच्या पैशावर पोसलेली फौज स्वकीयांवर चालून गेली, ही गोष्ट नोंदवताना आजही मन अस्वस्थ होते.

निजामाने 1902 मध्ये वऱ्हाड वार्षिक 25 लाख रुपयांवर कायम पट्ट्याने दिला. पाठोपाठ 1903 मध्ये कंटिंजंट मोडून तिच्या पलटणी हिंदी लष्करात मिसळल्या. ही पलटण 98 वी इन्फंट्री झाली. नोव्हेंबर 1914 मध्ये पूर्व आफ्रिकेतील टांगा येथे जर्मन गोळीबारात असतानाच रानमधमाश्यांनी हल्ला केल्याने तिची फळी विस्कटली. 1922 मध्ये ती 19 व्या हैदराबाद रेजिमेंटची चौथी पलटण बनली. अधिकारीवर्गाच्या भारतीयीकरणासाठी निवडलेल्या मोजक्या पलटणींत ती होती; पुढे सरसेनापती झालेले थिमय्या येथेच घडले. मलायात जानेवारी 1942 मध्ये स्लिम नदीकाठी जपानी रणगाड्यांनी तिची ब्रिगेड फोडली. फेब्रुवारीत सिंगापूर पडले.

रेजिमेंटला 1945 मध्ये कुमाऊँ हे नाव मिळाले. 3 नोव्हेंबर 1947 रोजी काश्मिरात बडगाम येथे या पलटणीचे मेजर सोमनाथ शर्मा यांनी हाताला प्लॅस्टर असताना आपली कंपनी लढवली आणि प्राण दिला. स्वतंत्र भारताचे पहिले परमवीरचक्र त्यांचे. श्रीनगरचा विमानतळ वाचला तो अशा झुंजींमुळे.

रेजिमेंटचे केंद्र आज उत्तराखंडातील राणीखेत येथे आहे. वऱ्हाडच्या स्थानिक इतिहासांत या पलटणीला स्वतंत्र जागा मिळायला हवी.